चौकटी कंसातला पत्ता

ते पुस्तक मी चार वेळा गटारात टाकायला निघालो होतो. चारही वेळा दोन्या इसोलिनांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, दुमडलेली पानं तळहाताने सरळ केली आणि पुन्हा एकतिसावं पान उघडून बसल्या. पुस्तक कसलं, झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षरं फिकट, कडा काळ्याकुट्ट, आणि मधोमध कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचा गोल डाग, तोसुद्धा झेरॉक्समध्येच आलेला. वर नाव होतं, ‘तक्ते कसे तयार करावेत’. त्या एका आठवड्यात मला जेवढा संताप आला तेवढा लग्नाच्या तेवीस वर्षांत आला नाही. माझी बायको हे ऐकून हसते, कारण त्या तेवीस वर्षांचा हिशेब तिचा वेगळा आहे.

मी यादर. मानाग्वा शहरातल्या आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीत बसतो. खिडकीच्या डाव्या हाताला दोन्या इसोलिना तिहेरिनोंची जागा. वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. सत्तावीस वर्षं त्या तिथे बसल्या. समोर लाकडी खोका, खोक्यात कार्डं, एका कार्डावर एक माणूस: नाव, आजार, पत्ता. सगळं पेन्सिलीने. मी एकदा त्यांना चांगलं पेन आणून दिलं तर म्हणाल्या, “अरे पोरा, पिवळं दुकान उद्या हिरवं झालं तर मी काय खाडाखोड करत बसू?” मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि मला टक्कल पडलं होतं, तरी मी पोरच.

त्यांचे वडील तारखात्यात होते. सायकलवरून तारा वाटायचे. भूकंपात जुनं शहर बसलं तेव्हा इसोलिना बावीस वर्षांच्या होत्या. इमारती पडल्या, पण पत्ते काही पडले नाहीत. लोक आपले तसेच सांगत राहिले: जिथे बर्फाचा कारखाना होता तिथून तळ्याकडे दोन चौक, मग पन्नास वार वर. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला, वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, खाली म्हणजे मावळतो तिकडे. हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. वडील तारा पोचवत राहिले, आणि नसलेल्या गोष्टी कुठे कुठे होत्या हे मुलीला पाठ झालं. नवरा पुढे होंडुरासला कामाला म्हणून गेला तो गेलाच. एक मुलगी, मारित्सा, ती कोस्टा रिकात. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी एकच बोलणं व्हायचं: आई, ये इकडे. आणि आई म्हणायची, निवृत्त झाले की येईन, तोवर माझी माणसं आहेत इथे.

माझी माणसं म्हणजे त्रेचाळीस कार्डं. अंथरुणाला खिळलेल्यांचा खोका त्यांनी वेगळा ठेवला होता. या लोकांकडे नर्स घरी जायची. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन. त्यातले एक बेर्नाबे. पूर्वी बस चालवायचे. साखरेने आधी पाय नेला, मग डोळे. एकटा माणूस, सुई स्वतःला टोचून घेणार कशी? त्यांना रोज सकाळी इंजेक्शन लागायचं. एक दिवस चुकला तर तहानेने जीव कासावीस व्हायचा, दोन दिवस चुकले तर काय होईल ते सांगायची गरज नाही. आमची म्हातारी नर्स डोळे मिटून सगळी घरं फिरायची, पण तिचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. तेव्हापासून बेर्नाबेंची सकाळची सुई दोन्या इसोलिनाच कामावर यायच्या आधी जाऊन देत होत्या. पुढच्या सोमवारपासून मुख्य कार्यालय पाळीपाळीने नव्या नर्स पाठवणार होतं. त्यांच्या हातात छापील यादी असणार होती. यादी निघणार होती कॉम्प्युटरमधून.

तो कॉम्प्युटर घेऊन सोमवारी इंजिनिअर ओस्मान आला. कोवळा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, चौदा केंद्रं एकट्याच्या गळ्यात. वाईट नव्हता, पण त्याला बसायलाही वेळ नव्हता.

“सेन्योरा,” तो दोन्या इसोलिनांना म्हणाला, “आमचा ठरलेला तक्ता आहे. नाव, आजार, रस्ता, घर क्रमांक. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत भरून ठेवा. मी येऊन घेऊन जातो.”

“कुठला रस्ता?”

“म्हणजे?”

“इंजिनिअर, तुम्ही राहता कुठे?”

तो गडबडला. म्हणाला, “जुन्या साबण कारखान्यापासून दक्षिणेला तीन चौक, मग एक खाली.”

“मग? तुमच्या रस्त्याचं नाव काय? घराचा नंबर काय?”

त्याने मान खाजवली. तक्ता त्याने केलाच नव्हता. तो कुठल्या तरी परदेशातून तयार आला होता, जिथे घरांना नंबर असतात. तळ्याकाठच्या केंद्रात तो जानेवारीतच बसवला होता. रकाना रिकामा ठेवला की यंत्र पुढे जाऊ देईना, म्हणून तिथल्या कारकुनाने सोळा वेळा लिहिलं, रस्ता: नाही, घर क्रमांक: नाही. नर्स शहराच्या दुसऱ्या टोकाची. हातात ‘नाही, नाही’ अशी यादी घेऊन ती उन्हात उभी, आणि औषधांच्या पेटीतला बर्फ वितळतोय. एका आजीच्या पाठीवरची जखम तीन आठवड्यांनी धुतली गेली. आम्हाला सगळं माहीत होतं, आणि ओस्मानलाही माहीत होतं.

“तुमचा वेगळा तक्ता हवा असेल तर करा की,” तो म्हणाला आणि ते झेरॉक्सचं बाड त्याने टेबलावर टाकलं. “सगळं यात आहे. पण शुक्रवारी बाराला जे असेल ते मी उचलणार. तुमचा असला तर तुमचा, नाहीतर आमचा.” मग जरा घुटमळून म्हणाला, “आणि यादी आत गेली की हे टेबल काही लागणार नाही, सेन्योरा. जूनमध्ये तुमची निवृत्ती आहे, ती कायम झाली. नवीन माणूस भरणार नाहीत.”

त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. मी मात्र खिडकीतून ओरडलो, “म्हणजे यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची खुर्ची काढायची, आणि तेही तुमच्या या रद्दीतून शिकून?” ओस्मान निघून गेला होता. माझा आवाज खोकल्याच्या औषधासाठी उभ्या असलेल्या तीन बायकांनी ऐकला.

आता एकतिसावं पान. तिथे तक्ता तयार करायची आज्ञा एका चौकोनात छापली होती. आठच ओळी. त्यात काही इंग्रजी शब्द, जे आम्हा दोघांनाही येत नव्हते. आणि मधे मधे चौकटी कंस, महिरपी कंस, उभ्या रेघा, तीन तीन टिंबं. कंसात कंस, त्यातही कंस. दोन्या इसोलिनांनी चष्मा लावला आणि ते जसंच्या तसं उतरवलं. एका बोटाने. चौकटी कंस शोधायला दहा मिनिटं, महिरपी कंसाला त्याहून जास्त, आणि उभी रेघ तर कीबोर्डावर सापडेचना. शेवटी सगळं टाइप झालं, शेवटची कळ दाबली, आणि यंत्राने एक ओळ फेकली: पहिल्या चौकटी कंसापाशी चूक आहे.

“चूक कशी? पुस्तकात आहे तसंच घातलंय,” त्या म्हणाल्या.

पुन्हा घातलं. पुन्हा तीच ओळ. मी म्हटलं, कंस म्हणजे गणितातले कंस, आतलं आधी सोडवायचं. त्या म्हणाल्या, इथे सोडवायला आकडे कुठे आहेत? मी म्हटलं, मग महिरपी आधी घाला. घातले. आता महिरपी कंसापाशी चूक. तीन टिंबं काढली, परत घातली, चार केली. त्या प्रत्येक खेपेची नोंद पेन्सिलीने वहीत करत होत्या. मंगळवारी दुपारपर्यंत एकसष्ट खेपा झाल्या. त्या वर्षी वीज रोज दुपारी जायची, ती गेली आणि पडदा काळा झाला. मी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, “जाऊ दे, त्यालाही विश्रांती हवी.” मला विनोद ऐकायची इच्छा नव्हती.

मी ओस्मानला फोन लावला.

“अहो इंजिनिअर, हे कंस वाचायचे कसे?”

“पुस्तकाच्या सुरुवातीला दिलंय. खुणांचा अर्थ म्हणून पान आहे.”

“सुरुवातीला एक नंबरचं पान आहे, आणि त्यावर यंत्र कसं सुरू करायचं ते आहे.”

“त्याच्या आधी. प्रस्तावनेत. रोमन आकड्यांची पानं असतात ना.”

ती पानं नव्हती. ज्या कुणी झेरॉक्स काढली त्याने पान एकपासून काढली होती. प्रस्तावना कोण वाचतं, असं त्याला वाटलं असणार. चौदा केंद्रांना तेच बाड गेलं होतं, आणि कुणीच तक्रार केली नव्हती, कारण कुणी उघडलंच नव्हतं. मी फोनवर जे बोललो ते इथे लिहीत नाही.

“हे बघा,” ओस्मान म्हणाला, मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, “चौकटी कंस म्हणजे मर्जी. आत जे आहे ते घाला नाहीतर सोडा. कंस स्वतः टाइप करायचा नाही. मी आता एका बैठकीत आहे.” आणि फोन ठेवला.

मर्जी! दोन दिवस आम्ही ज्या कंसावर डोकं फोडत होतो तो मुळात टाइप करायचाच नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. दोन्या इसोलिनांनी मात्र लगेच पेन्सिल घेतली. चौकटी कंसात जे जे होतं त्यावर काट मारली. ही मर्जी, ती मर्जी, सगळी मर्जी. उरलं काय, तर तक्त्याचं नाव, रकान्यांची नावं आणि प्रत्येक रकान्यात अक्षरं येणार की आकडे येणार तेवढं. आठ ओळींच्या दोन झाल्या.

बुधवारी सकाळी त्यांनी त्या दोन ओळी टाइप केल्या. यंत्र गप्प राहिलं, आणि मग म्हणालं, झालं. तक्ता तयार. खिडकीसमोरच्या रांगेत कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी त्यांच्यासाठी मका-कोकोचं गार पिनोलिल्यो घेऊन आलो, त्यांनी ग्लास बाजूला ठेवला आणि कार्डं काढली. वीज जायच्या आत जेवढी होतील तेवढी. एका बोटाने, एकेक अक्षर, मोठ्याने पुटपुटत: “जिथे सेइबाचं मोठं झाड होतं, तिथून खाली तीन चौक, तळ्याकडे वीस वार, शिवणाची पाटी.” दुपारी वीज गेली, संध्याकाळी आली, त्या तिथेच. साडेसहाला त्रेचाळिसावं कार्ड संपलं. मान अवघडली होती, बोटाला फोड आला होता. मला म्हणाल्या, “ये, बघ माझी माणसं.”

मी बघितली. त्रेचाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत नावाच्या जागी एक अक्षर, आजाराच्या जागी एक अक्षर आणि पत्त्याच्या जागी एक अक्षर. बाकीचं नव्हतंच.

मग मी पुस्तक उघडलं. एकतिसाव्या पानाच्या तळाशी बारीक टीप होती. रकान्याची लांबी चौकटी कंसात दिलेली आहे. ती सांगितली नाही तर यंत्र एका अक्षराची जागा धरतं. उरलेलं ते कापून टाकतं, आणि कापलं म्हणून सांगतही नाही.

ही माझी तिसरी वेळ गटाराकडे निघण्याची. “कसली मर्जी?” मी ओरडत होतो. “कुणाची मर्जी? ज्याने लिहिलं त्याची मर्जी! न सांगितलं तर चालतं म्हणतात, आणि मग माणसाचं एक अक्षर ठेवतात!”

दोन्या इसोलिना त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. “तू ओरडून एक तरी अक्षर परत आलं का? दे ते इकडे.” मग त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. फार नाही, थोडंसंच, चष्मा न काढता. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या इस्त्रीच्या शर्टाचा गळा धरावासा वाटत होता.

“दोन्या इसोलिना,” मी शेवटी म्हटलं, “जूनमध्ये तुम्ही मारित्साकडे जाणार. ही खुर्ची तर जाणारच. मग हा जीव कशाला जाळता? होऊ दे त्यांच्या मनासारखं.”

“मी गेल्यावर बेर्नाबेला कोण सुई देणार? तू?”

“नर्स देईल.”

“कुठे जाऊन?”

मी खिडकी बंद केली आणि त्यांना घरापर्यंत सोडलं.

गुरुवारी नवी नर्स आली. सोचिल नाव. पंचवीसेक वर्षांची, मासाया गावाकडची, मोठ्याने हसणारी. सोमवारपासून पहिली पाळी तिची, म्हणून कार्डं बघायला आली होती. एक कार्ड उचलून म्हणाली, “दोन्या, हे तर तंतोतंत माझ्या आजीच्या बोलण्यासारखं आहे. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे?”

“सोपं आहे, मुली,” दोन्या इसोलिना म्हणाल्या आणि कार्डाच्या पाठीमागे पेन्सिल टेकवली. “आधी खूण. झाड, दुकान, पडलेली इमारत, काहीही, पण ती हवीच. खूण नाही तर पत्ता नाही. मग आकडा, किती चौक की किती वार. मग दिशा. चारच आहेत: तळ्याकडे, दक्षिणेला, वर, खाली. यातली एक घ्यायची.”

“दोन घेतल्या तर?”

“दोन घेतल्या तर तळ्यात पडशील. एका वेळी एकच. मग वळायचं असेल तर पुन्हा आकडा आणि पुन्हा दिशा, हवं तितक्या वेळा. आणि शेवटी फाटकाचा रंग, असला तर. नसला तर नाही लिहायचा.”

बोलता बोलता त्या थांबल्या. पेन्सिल हवेत. मग त्यांनी मला हाक मारली, आणि हाक अशी होती की मी गोळ्यांची बाटली उघडी टाकून धावलो.

“यादर! पुस्तक आण. अरे, ते हेच बोलतंय.”

त्यांनी कार्डावर उभी रेघ मारली. तळ्याकडे, रेघ, दक्षिणेला, रेघ, वर, रेघ, खाली. चारांभोवती महिरपी कंस. “यातलं एक घ्यायचं, घ्यायचंच.” मग पुढे तीन टिंबं. “हे पुन्हा पुन्हा.” फाटकाच्या रंगाला चौकटी कंस. “हे असलं तर.” आणि खुणेला कुठलाच कंस नाही. कोऱ्या जागेवर बोट आपटून म्हणाल्या, “ज्याला कंस नाही ते सोडायचं नाही!”

मी एकतिसावं पान त्यांच्या कार्डाशेजारी धरलं. खरंच तेच होतं. मी इतकी वर्षं लोकांना पत्ते सांगत होतो आणि सलग चार दिवस त्या पानाला शिव्या घालत होतो. राग गेला असं मी म्हणणार नाही. उलट वाढला, कारण हे सांगायला त्या ओस्मानला दोन मिनिटं लागली असती.

“पण हे बघा,” मी म्हटलं, “लांबी चौकटी कंसात आहे. ‘रिकामं चालणार नाही’ हेही चौकटी कंसातच आहे.”

“पुस्तकवाल्यांना नको असेल ते. मर्जी ना? मग माझी मर्जी आहे की हवं.” आणि त्यांनी त्या दिवशी तक्ता नव्याने केला. पत्त्याचे रकाने पाडले: खूण, वाट, फाटक, कुणाला विचारायचं. वाटेला दोनशे अक्षरं दिली. खुणेपुढे ते इंग्रजी शब्द लिहिले, ज्यांचा अर्थ तळाच्या टिपेत दिला होता, की हा रकाना रिकामा घेऊ नको. एका कार्डावर तपासलं. सगळी अक्षरं जिथल्या तिथे. मग वीज गेली.

शुक्रवारी पहाटे पाचला त्यांनी केंद्राचं दार उघडून घेतलं. मी सातला पोचलो तेव्हा बारा कार्डं झाली होती. सोचिलही आली होती. ती वाचायची, त्या टाइप करायच्या. मी रांग सांभाळली आणि त्या बाजूला कुणालाही फिरकू दिलं नाही. पावणेबाराला बेचाळीस झाली. शेवटचं कार्ड बेर्नाबेंचं.

“तळ्याकडे दीड चौक,” सोचिल वाचू लागली, “डाव्या हाताला, निळं फाटक.”

“खूण?”

“नाहीये.”

“मागे बघ.”

“मागेही नाही, दोन्या.”

दोन्या इसोलिनांनी कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. खुणेची जागा कोरी. पुसलेलीही नव्हती, कधी लिहिलीच नव्हती. त्यांनी तसंच पुढे जायला कळ दाबली आणि यंत्र अडलं: खूण रिकामी चालणार नाही.

“घाला काहीतरी,” मी म्हटलं. बाहेर ओस्मानच्या जीपचा आवाज आला होता. “टिंब घाला. नाहीतर काढून टाका ती अट, शेवटी चौकटी कंसातलीच आहे!”

“मग तळ्याकाठच्या त्या केंद्रात आणि आपल्यात फरक काय?”

“अहो, पण तुम्हाला घर माहीत आहे ना? रोज जाता की तिथे!”

“जाते ना. माझ्या फाटकातून निघते आणि जाते.” आणि हे म्हणताना त्यांच्या लक्षात आलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. अकरा वर्षांपूर्वी ते कार्ड लिहिताना खूण कशाला लिहायची? वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की त्या गल्लीतला पत्ता कुठून मोजतात. दोन्या इसोलिनांच्या घरापासून. दूधवाला तिथूनच मोजतो, मीही तिथूनच मोजतो. ज्याच्यापासून मोजायचं त्याने आपलंच नाव काय लिहायचं?

त्यांनी बोट पुढे केलं आणि टाइप केलं: दोन्या इसोलिनाच्या घरापासून. मग थांबल्या.

“सोचिल, तुझ्यानंतर कोण येणार?”

“माहीत नाही. दर तीन महिन्यांनी बदलणार म्हणे.”

“मग ती येईल तेव्हा माझ्या घरात दुसरंच कुणी असेल. ती विचारेल, इसोलिना कुठे आहे? लोक म्हणतील, ती तर गेली. आणि ती मुलगी परत फिरेल.” त्यांनी एकेक अक्षर मागे घेत ओळ पुसली. मग पुन्हा एका बोटाने, घाई न करता लिहिलं: जिथे दोन्या इसोलिना राहायची, तिथून.

यंत्राने काही न बोलता ती ओळ घेतली. त्या अजून माझ्यासमोर बसल्या होत्या, बोटाला पट्टी होती, बाजूला बुधवारचं पिनोलिल्यो तसंच होतं, आणि यादीत त्या होऊन गेलेल्या होत्या. मला वाटलं, उठावं आणि वायर उपटावी. मी उठलो नाही.

ओस्मान आत आला. घामाघूम, घाईत. पडद्यावर नजर फिरवली, खाली खाली सरकवत गेला. “अरे वा, हे तर चाललं की. सगळं भरलंय. हा तक्ता मी बाकी केंद्रांनाही देतो.” तो शेवटच्या ओळीवर थांबला आणि सहज, चौकशी करावी तसा म्हणाला, “या दोन्या इसोलिना कधी वारल्या?”

“अजून नाही, इंजिनिअर,” दोन्या इसोलिना म्हणाल्या. “सही कुठे करू?”